पायरी चढण्याचा परवाना

आमच्या मोठ्या काकांची कोर्टात तारीख असली की घरात आदल्या दिवसापासून लगीनघाई असे. काकू पहाटे चारला उठून घावणे घालत. फायली एका लाल फडक्यात बांधून तयार असत. त्या गाठोड्याला घरात ‘दप्तर’ म्हणायचे आणि माझ्या शाळेच्या दप्तरापेक्षा त्याला मान जास्त. मग पाचची एसटी पकडून काका तालुक्याला जात. संध्याकाळी परत येत तेव्हा काकू ओटीवर उभ्या राहून एकच प्रश्न विचारत, “काय झालं?” आणि काका चपला काढता काढता प्रसन्न चेहऱ्याने सांगत, “पुढली तारीख.”

भांडण गडग्याचे होते. गडगा म्हणजे कोकणात दोन हद्दींच्या मध्ये दगडांवर दगड रचून घातलेले कुंपण. शेजारी राहणाऱ्या चुलतभावाने तो पावसाळ्यानंतर पुन्हा रचताना एक वीत आमच्या बाजूला सरकवला, असे काकांचे म्हणणे. चुलतभावाचे म्हणणे, गडगा होता तिथेच आहे, दादाची वीत लांबली आहे. एवढ्या भांडवलावर काकांनी एकूण अकरा दावे उभे केले. पहिला मनाई हुकमाचा. दुसरा वहिवाटीचा. तिसरा गडग्याच्या फटीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा. चौथा मोजणी करायला आलेल्या मोजणीदारावर, कारण त्याने साखळी चुलतभावाच्या बाजूने धरली. सहावा अब्रुनुकसानीचा होता. पाचव्याचा निकाल वाचला जात असताना चुलतभाऊ हसला, अशी त्यात तक्रार होती. निकाल काकांच्या विरुद्ध लागला होता हे त्यांनी अर्जात लिहिले नव्हते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती कोणी काकांना ऐकवली की ते म्हणत, “म्हणूनच तर पायरीवर गर्दी नसते, सुखाने चढता येते.” (गर्दी असे. पण काकांना ती दिसत नसे. देवळात जाणाऱ्याला रांग दिसत नाही तसेच ते.)

एकदा त्यांच्याच वकिलांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, “अहो, जरा जपून. वारंवार खोटेनाटे दावे लावणाऱ्यांसाठी सरकारने आता कायदा केलाय. कोर्टाच्या परवानगीशिवाय नवीन दावाच घालता येणार नाही.” काका गंभीर झाले. चहाचा घोट घेतला. आणि विचारले, “त्याला आव्हान कुठे द्यायचं?”

वकील थाप मारत नव्हते. महाराष्ट्राने १९७१ साली खरोखरच असा कायदा केला. नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर छळवादी दाव्यांना आळा घालण्याचा कायदा. एखादा माणूस सवयीने आणि सबळ कारणाशिवाय दिवाणी नाहीतर फौजदारी प्रकरणे दाखल करून लोकांना जेरीस आणत असेल, तर उच्च न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून घेऊन हुकूम काढू शकते की, यापुढे आधी परवानगी, मग दावा. परवानगी तेव्हाच मिळते जेव्हा प्रकरणात सकृद्दर्शनी काही दम दिसतो. ती न घेता दावा लावलाच तर तो तिथल्या तिथे फेटाळायचा. म्हणजे कोर्टाचे दार बंद केलेले नाही. दाराला फक्त कडी लावली आहे, आणि कडी आतून काढायची आहे.

इथवर सगळे ठीक. गंमत पुढे आहे. हा हुकूम मागायचा कोणी? गांजलेल्या शेजाऱ्याने नव्हे. तो अर्ज राज्याच्या महाधिवक्त्यांनी करायचा. महाधिवक्ता म्हणजे राज्य सरकारचा सर्वांत मोठा वकील, राज्यघटनेत ज्याच्यासाठी वेगळे कलम आहे असा माणूस. आता काकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वीस वर्षे तालुक्याच्या कोर्टात एका चुलतभावाशी झगडण्यात गेली. समोर कोण, तर काखोटीला छत्री मारून आलेला, विड्या ओढणारा प्रतिवादी. आणि एक दिवस पत्र येते की तुमच्याविरुद्ध खुद्द महाधिवक्ते उभे राहणार आहेत, मुंबईत, उच्च न्यायालयात. माणसाला दावे सोडवायचे म्हणून त्याला त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दावा द्यायचा! दारू सोडवायला म्हणून एखाद्याला गोव्याला पाठवण्यासारखेच हे.

मद्रासने हाच कायदा आपल्या बावीस वर्षे आधी, १९४९ साली केला होता, आणि मद्रासवाले आपल्याहून दयाळू. ज्याच्याविरुद्ध अर्ज आला आहे तो गरिबीमुळे वकील देऊ शकत नसेल, तर न्यायालय त्याला वकील देऊ शकते, अशी सोय त्यांनी कायद्यातच केली. बिचाऱ्याला दावे लावण्यापासून थांबवायचे आहे, तर निदान त्याची बाजू मांडायला कोणीतरी हवे! मी हे हसून लिहितो आहे खरे, पण यात चूक काही नाही. कोर्टाचे दार ज्याच्यासाठी अर्धे लोटायचे, त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकायलाच हवे. फक्त ते पुरते ऐकायला किती तारखा लागतील, हे आमच्या काकांना पाहिलेल्या माणसाने सांगू नये.

नाव ठेवण्यात मात्र मध्य प्रदेशाचा हात कोणी धरणार नाही. त्यांनी २०१५ साली कायदा केला तो सरळ ‘तंग करने वाली मुकदमेबाजी (निवारण) अधिनियम’ या नावाने. वाचताना डोळ्यांसमोर गांजलेला प्रतिवादीच उभा राहतो. विधिमंडळाच्या कागदावर इतका जिव्हाळा क्वचितच उमटतो.

मद्रासच्या कायद्याची एक कथा काकांनी ऐकली असती तर फ्रेम करून लावली असती. आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने एका गृहस्थांवर या कायद्याखाली परवानगीचा हुकूम बजावला. हे फार कोर्टात जातात, असे कोर्टाने ठरवले. त्यावर गृहस्थांनी काय करावे? ते कोर्टात गेले. थेट सर्वोच्च. १९६५ साली निकाल लागला: कायदा घटनेला धरून आहे, त्यात वावगे काही नाही, पण तो मद्रास इलाख्यात झालेला, जुन्या हैदराबाद संस्थानच्या मुलखाला लागूच केलेला नाही, सबब हुकूम रद्द. म्हणजे विनाकारण दावे लावतो असा ज्याच्यावर शिक्का, तो त्या शिक्क्याविरुद्धचाच दावा जिंकून घरी आला. गृहस्थांचे आडनाव मराठी होते, एवढे सांगून पुढे जातो. अभिमान कशाकशाचा बाळगावा यालाही काही मर्यादा आहेत.

या सगळ्या कायद्यांचा मूळपुरुष मात्र लंडनचा. अलेक्झांडर चॅफर्स नावाचा सॉलिसिटर. सॉलिसिटर, हे लक्षात घ्या. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली. १८७२ साली त्याने सर ट्रॅव्हर्स ट्विस या बड्या कायदेपंडिताच्या बायकोच्या चारित्र्यावर असे काही आरोप केले की प्रकरण न्यायालयात उभे राहिले, बाई ते अर्धवट टाकून लंडन सोडून गेली आणि सर ट्रॅव्हर्सना आपली सगळी मानाची पदे सोडावी लागली. तिथे चॅफर्सची बहुधा जीभ चटावली. पुढे म्हातारपणी त्याने दाव्यांचा जो सपाटा लावला, त्यातले प्रतिवादी वाचले की राज्यारोहणाच्या सोहळ्याची निमंत्रणयादी वाचतो आहोत असे वाटते. युवराज प्रिन्स ऑफ वेल्स. कँटरबरीचे आर्चबिशप. पार्लमेंटचे सभापती. लॉर्ड चॅन्सेलर. ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त. आणि मधूनमधून, तोंडी लावायला, न्यायाधीश. एकूण ४८ दावे. जवळजवळ सगळे हरले. हरल्यावर समोरच्याचा खर्च द्यायचे हुकूम झाले. पण नंग्याकडून काय वसूल करणार?

आमच्या काकांत आणि चॅफर्समध्ये फरक इथेच पडतो. काकांची झेप चुलतभावापुढे गेली नाही. काकांनी शंकराचार्यांवर दावा लावल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे भाऊबंदकी एवढी जवळ आणि एवढी मुबलक असताना इतक्या लांब जातो कोण?

अखेर ब्रिटिश पार्लमेंटला १८९६ साली या एका माणसापायी कायदा करावा लागला. दुसऱ्या वर्षी पहिला हुकूम त्याच्यावरच निघाला. एका माणसाने देशाला कायदा करायला लावावा, ही गोष्ट क्रांतिकारकांच्या बाबतीत आपण कौतुकाने सांगतो. चॅफर्सचे कौतुक कोणी करत नाही. पण जिथे जिथे इंग्रजांची कोर्टे पोचली, त्यांतल्या अनेक ठिकाणी मागोमाग हा कायदाही या ना त्या रूपात पोचला. दूर कोकणातल्या तालुक्याच्या गावी, चहाच्या टपरीवर एक वकील आपल्या पक्षकाराला दम भरत होता, त्यामागे लंडनचा हा खवट म्हातारा होता. काकांना हे कळते तर त्यांनी त्याचा फोटो मिळवला असता.

इंग्लंडात पुढे ही यादी वाढत गेली. तिच्यात एक मोठी गायिकाही आहे, डोरोथी स्क्वायर्स. जेम्स बाँडचे काम करणारा रॉजर मूर पंधरा वर्षे तिचा नवरा होता. तो सोडून गेला तेव्हा तो आपल्याला परत मिळावा म्हणूनही ती कोर्टात गेली होती. तो काही मिळाला नाही. कोर्टाची वाट मात्र पक्की माहीत झाली. पुढे वर्षानुवर्षे याच्यावर दावा, त्याच्यावर दावा, आणि १९८७ साली तिच्यावर हुकूम निघाला की यापुढे परवानगी घेऊनच. हल्ली तिकडे या हुकमांच्याही पायऱ्या झाल्या आहेत: मर्यादित, विस्तारित, सर्वसाधारण. एकाच प्रकरणात दोन अगदीच पोकळ अर्ज केले की पहिली पायरी. आणि परवानगीचेच पोकळ अर्ज कोणी पुन्हा पुन्हा करू लागला, तर यापुढचा नकार हा शेवटचा, त्यावर अपीलही नाही, असे कोर्ट ठरवू शकते. हा शेवटचा नियम ज्याने लिहिला त्याच्या घरी नक्की एखादा काका असणार. परवानगी मागण्याचेही व्यसन लागते, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही खोट्या आणि छळवादी दाव्याबद्दल समोरच्याला भरपाई देववण्याचे कलम आहे, ३५ अ. भरपाई किती, तर जास्तीत जास्त तीन हजार रुपये. संहिता १९०८ ची. एखाद्याला दहा वर्षे तालुक्याला हेलपाटे घालायला लावावे आणि शेवटी तीन हजार मोजून मोकळे व्हावे, इतका स्वस्त छंद दुसरा नाही. पत्ते महाग पडतात. अर्थात वरच्या कोर्टाला राग आला तर तो वेगळा हिशेब. २०१७ साली एका ट्रस्टने कोणतेही यश न येता ६४ प्रकरणे लावल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ लाखांचा दंड केला, आणि यापुढे जनहित याचिका करायची नाही असेही बजावले. ६४ प्रकरणांना २५ लाख, म्हणजे नगाला एकोणचाळीस हजारांच्या आसपास. काकांनी हा भाव ऐकला असता तर घासाघीस केली असती.

केंद्राचा एकच कायदा सगळ्या देशाला असावा, असे विधी आयोगाने २००५ साली आपल्या १९२ व्या अहवालात मसुद्यासकट सुचवले होते. ते योग्यच आहे, असे मला वाटते. एका राज्याने पायरीवर अडवलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या पायरीवर जाऊन बसला तर काय? माहेरी-सासरी, मामाकडे-आत्याकडे मिळून चार राज्यांत जमिनी असलेली माणसे आपल्याकडे थोडी नाहीत.

पण हा कायदा वापरणे वाटते तितके सोपे नाही, आणि नसावेही. ‘सवयीने’ आणि ‘सबळ कारणाशिवाय’, दोन्ही सिद्ध व्हायला लागते. पाच दावे हरलेला माणूस खोडसाळच असतो असे नाही. कधी वकील वाईट असतो, कधी नशीब, कधी कागद वाळवीने खाल्लेला असतो. आणि लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या त्या पोराच्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे विसरून चालत नाही. म्हणून कडी लावायची, कुलूप नाही.

ऑस्ट्रेलियातल्या काही मनोविकारतज्ज्ञांनी अशा न थांबणाऱ्या तक्रारदारांचा अभ्यास केला होता. सहा लोकपाल कार्यालयांतले ५२ कट्टर तक्रारदार त्यांनी निवडले, आणि त्यांच्यासमोर ५२ साधे तक्रारदार ठेवून त्यांची कागदपत्रे पडताळली. कट्टरांची पत्रे लांब. त्यांना नाना पुरवण्या जोडलेल्या. शब्दांखाली रेघा, उद्गारचिन्हांची रांग, समासात टिपा, मजकुरावर रंग. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी कुतूहलाने वाचला, आणि मग माळ्यावरून काकांचे लाल दप्तर काढले. अर्ज क्रमांक सातमध्ये ‘एक वीत’ हे शब्द चौदा वेळा आले होते. सगळ्यांखाली रेघ होती. पहिल्या सहांखाली निळी, नंतर लाल. शेवटच्या दोनांखाली हिरवी. लाल शाई संपली असावी.

त्या तज्ज्ञांच्या नजरेतून एक गोष्ट कदाचित सुटली असेल. ती मी दहा वर्षांचा असताना काकांबरोबर तारखेला गेलो तेव्हा पाहिली. पाचच्या एसटीत काकांनी खिडकीजवळची जागा पकडली आणि शेजारच्या जागेवर उपरणे टाकले. गाडी सुटता सुटता चुलतभाऊ चढला. काकांनी उपरणे उचलले. “बस,” ते म्हणाले. “उशीर केलास. गाडी चुकली असती तर?” तो म्हणाला, “दादा, तुझी गाडी चुकली असती तर बरंच झालं असतं.” मग दोघांनी वाटेत काकूंचे घावणे खाल्ले. कोर्टात पुकारा झाला, वादी एका बाजूला, प्रतिवादी दुसऱ्या बाजूला. दोन मिनिटांत तारीख पडली. मग दोघांनी बाजार केला, मासळीचा भाव एकत्रच पाडला आणि चारच्या गाडीने परत आले. आमच्या अंगणात पाय ठेवला तेव्हापासून पुढच्या तारखेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

तेव्हा चुलतभावाचा छळ झाला नाही, असे मी म्हणत नाही. झाला. ऐन आंब्याच्या हंगामात त्याचे कितीतरी दिवस तालुक्याच्या कोर्टाच्या बाकावर गेले, आणि वकिलाचे पैसे त्याला कलमांच्या पैशातून द्यावे लागले. कायदा आहे तो त्याच्यासारख्यांसाठीच. पण त्याच्यासाठी महाधिवक्त्यांकडे जाणार कोण, आणि मुंबईला जायचे म्हटले तर एसटीत जागा धरणार कोण?

चुलतभाऊ गेला तेव्हा काकांनी त्या महिन्याची तारीख वाढवून मागितली. कारण लिहिले, ‘घरात सुतक’. आयुष्यात त्यांनी स्वतःहून मागितलेली ती एकच मुदतवाढ. तेराव्याला जेवायला गेले, खीर दोनदा वाढून घेतली, आणि पानावरून उठताना मोठ्या मुलाला विचारले, “तुम्ही भावंडं सगळी मिळून किती? नावं नीट सांग.” प्रतिवादी गेला की त्याचे वारस नव्वद दिवसांत दाव्यात दाखल करावे लागतात, नाहीतर दावा पडतो.

आपल्या मातीतच काहीतरी असावे. मानपानावरून १२०५ साली एका घराण्याच्या पूर्वजाने लावलेला दावा त्याच्या वंशजाने पुण्यात १९६६ साली जिंकला, ७६१ वर्षांनी, अशी नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात होती. उत्सवात पहिला मान कोणाचा, एवढाच मुद्दा. ती नोंद कितपत खरी हा भाग सोडा. ती वाचून एकाही मराठी माणसाला आश्चर्य वाटले नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

काकांवर तो परवानगीचा हुकूम कधीच निघाला नाही. त्यांना त्याची शेवटपर्यंत थोडी रुखरुख होती. असा हुकूम राजपत्रात छापून येतो, हे त्यांना वकिलांकडून कळले होते. आता ते नाहीत, चुलतभाऊ नाही, अकरापैकी दावा एकही चालू नाही. चुलतभावाचा नातू आणि मी, दोघे मुंबईत राहतो, गणपतीला एकाच गाडीने गावी जातो आणि तिकिटे एकत्रच काढतो. कोर्टाची पायरी मी आजवर चढलेलो नाही आणि चढायची इच्छाही नाही.

मात्र गेल्या गणपतीत सगळे जेवून झोपले असताना मी टेप घेऊन परसात जाऊन आलो. गडगा आमच्या बाजूला आहे. नऊ इंच.